संगणकाच्या स्मृतीतील राखीव जागा

नवा संगणक घरी आला की त्याची माहिती उघडून पाहण्याचा मोह कोणासही होतो, आणि तेथेच पुष्कळांच्या कपाळाला आठी पडते. विकत घेताना स्मृती ८ जीबी म्हणून सांगितलेली असते. पडद्यावर मात्र वापरता येण्याजोगी स्मृती त्याहून काहीशी कमी लिहिलेली आढळते. दुकानदाराने मापात पाप केले की काय, अशी शंका मनात येते. ही शंका बहुधा निराधार असते. स्मृती पुरी ८ जीबीच असते. मालकाने कळफलकाला बोट लावण्यापूर्वीच तिचा काही भाग राखून ठेवण्यात आलेला असतो. तो कोणी राखला, कशासाठी राखला आणि ती राखण मोडली तर काय होते, हे समजून घेण्याजोगे आहे.

स्मृती म्हणजे क्रमांक घातलेल्या कप्प्यांची एक अतिशय लांब रांग. प्रत्येक कप्प्यात एक बाइट, म्हणजे सुमारे एका रोमन अक्षराएवढा मजकूर मावतो. वीज गेली की ही सारी रांग पुसली जाते. साहजिकच, कळ दाबली जाते त्या क्षणी तीत उपयोगाचे असे काहीच नसते. अशा वेळी कामास येते ते फर्मवेअर. मूळ बोर्डावरील एका चिपमध्ये लिहून ठेवलेली, वीज गेली तरी न पुसली जाणारी ही आज्ञावली होय. मुख्य स्मृतीच्या संकेतांचा ताल नीट जुळविल्यावाचून ती वापरताही येत नाही. तोवर अनेक यंत्रांत प्रोसेसरच्या पोटातील लहानशी कॅश हीच कच्च्या टिपणाची वही म्हणून उपयोगात आणली जाते. मुख्य स्मृती जागी झाली, की फर्मवेअरचे पुढचे काम सुरू होते. ते काम वाटणीचे असते.

या वाटणीत हक्कदार अनेक असतात. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या यंत्रात पडद्यावरील चित्रासाठी लागणारी जागा मुख्य स्मृतीतूनच काढून द्यावी लागते. गहाळ वाटणाऱ्या स्मृतीचा मोठा हिस्सा पुष्कळदा येथेच गेलेला असतो. यंत्राची वीज, झोप व जागृती यांचे नियम सांगणारी कोष्टके कोठे तरी ठेवावी लागतात. फर्मवेअरची काही कामे तर पुढे यंत्र चालू असतानाही करावी लागतात, आणि त्यांना स्वतःची जागा लागते. प्रोसेसरच्या एका विशेष अवस्थेसाठी राखलेला तुकडा तर असा असतो, की फर्मवेअर त्याला कुलूप घालते आणि यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत ते कुलूप कोणालाही उघडता येत नाही.

ही प्रथा जुनी आहे. १९८१ साली आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. त्यातील ८०८८ प्रोसेसरला एकंदर १०२४ किलोबाइटांपर्यंतच पत्ते मोजता येत. त्यांपैकी खालचे ६४० किलोबाइट आज्ञावलींना देण्यात आले आणि वरचे ३८४ किलोबाइट पडदा, निरनिराळी कार्डे व फर्मवेअर यांच्यासाठी राखण्यात आले. त्या काळी ही वाटणी उदार वाटली. काही वर्षांतच ६४० किलोबाइटांचे कुंपण आज्ञावली लिहिणाऱ्यांच्या पायांत अडखळू लागले. राखीव जागा कोठे ठेवावी, हा निर्णय पुढील पिढ्यांनाही बांधून ठेवतो, हा धडा येथून मिळाला.

तेव्हाची वाटणी ठराविक असल्यामुळे ती तोंडपाठ असली तरी भागत असे. पुढे स्मृती वाढली, यंत्रांचे प्रकार वाढले आणि प्रत्येक यंत्राचा नकाशा निराळा झाला. तेव्हा तो नकाशा फर्मवेअरने लिहून द्यावा आणि विंडोज वा लिनक्ससारख्या कार्यप्रणालीने वाचावा, अशी रीत पडली. जुन्या बायोस पद्धतीत ‘ई ८२०’ या क्रमांकाने हाक मारली की कोष्टक मिळे: अमुक पत्त्यापासून इतकी जागा मोकळी, तमुक पत्त्यापासून इतकी राखीव. यूईएफआय या नव्या पद्धतीत हा व्यवहार अधिक काटेकोर आहे. नकाशाबरोबर एक किल्ली-क्रमांक दिला जातो. कारभार हाती घेताना कार्यप्रणालीने तो क्रमांक परत दाखवावा लागतो. दरम्यानच्या काळात नकाशात काही फेरफार झाला असेल, तर क्रमांक जुळत नाही आणि हस्तांतर नाकारले जाते. मग नवा नकाशा घेऊन पुन्हा यावे लागते. शिळ्या उताऱ्यावर जमिनीचा व्यवहार होऊ नये, त्यातलाच हा प्रकार.

नकाशा हाती आला तरी कार्यप्रणालीला लगेच पाय पसरता येत नाहीत. लिनक्स आरंभी दोन याद्या ठेवते. पहिलीत आहे तेवढी स्मृती, दुसरीत राखलेली स्मृती. आपला गाभा, म्हणजे कर्नल, ज्या जागेत उतरला आहे ती जागाही तिला प्रथम दुसऱ्या यादीत नोंदवावी लागते. नाही तर ती स्वतःच्या बसण्याची जागाच दुसऱ्यास देऊन मोकळी होईल. या नोंदी पुऱ्या झाल्यावर जे उरते, तेच आज्ञावलींच्या वाट्यास येते.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. कुलूपबंद तुकड्यासारखे अपवाद सोडले, तर या राखीव जागांभोवती कुंपण नसते. असते ती केवळ नोंद. गायरान म्हणून कागदावर लिहिलेली जमीन जशी गावाने मानली तरच गायरान राहते, तशीच ही स्थिती आहे. नोंद चुकली किंवा कोणी ती मानली नाही, तर यंत्र ओरडून सांगत नाही. एकाने ठेवलेल्या मजकुरावर दुसरा निमूटपणे लिहून जातो, आणि त्याचे फळ कित्येक तासांनी एखाद्या बिघडलेल्या फायलीच्या किंवा अकारण बंद पडलेल्या यंत्राच्या रूपाने दिसते. तेव्हा मूळ अपराधी शोधणे महाकठीण होऊन बसते.

ही भीती काल्पनिक नाही. काही यंत्रांचे फर्मवेअर स्वतःच मोकळी म्हणून दाखविलेली खालची स्मृती मागाहून खराब करीत असल्याचे आढळून आले. तेव्हा इंटेलच्या धर्तीच्या यंत्रांपुरता लिनक्सने आरंभीच्या स्मृतीतील काही भाग राखण्याचा उपाय योजला, आणि २०२१ साली तर पहिला संपूर्ण एक मेगाबाइट सरसकट राखून ठेवण्याचे ठरविले. २०११ साली आलेल्या ‘सँडी ब्रिज’ या प्रोसेसरांतील ग्राफिक्सच्या भागास काही ठराविक पत्ते बाधत. म्हणून लिनक्स अशा यंत्रात प्रत्येकी ४०९६ बाइटांची पाच पाने बाजूस काढून ठेवते. अब्जावधी बाइटांतून ही पाच पाने वगळल्याने मालकाचे काहीच बिघडत नाही. ती न वगळल्यास मात्र सारे यंत्र अडून बसण्याचा धोका असतो.

राखणीचे सर्वांत बोलके उदाहरण मोठ्या कचेऱ्यांच्या सर्व्हरांत सापडते. २००५ सालापासून लिनक्समध्ये अशी सोय आहे, की यंत्र सुरू होतानाच स्मृतीचा एक तुकडा बाजूस काढावा आणि त्यात दुसरा एक कर्नल तयार ठेवावा. एरवी तो काहीच करीत नाही. पहिला कर्नल कोसळला, की हा दुसरा त्या राखीव तुकड्यात उभा राहतो आणि कोसळलेल्याच्या स्मृतीची नक्कल डिस्कवर उतरवून ठेवतो, म्हणजे तंत्रज्ञांना मागाहून कारण शोधता येते. ही जागा ऐनवेळी मागता येत नाही. कोसळलेल्या यंत्राकडे मागावयाचे कोणाजवळ? तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे म्हणतात ते येथे अक्षरशः खरे आहे. पडद्यावर कमी दिसणारी ती थोडी स्मृती हरवलेली नसते. त्यातली बरीचशी आधीच खणून ठेवलेल्या विहिरींत असते.