मुलाची कल्पना व वडिलांचा न्याय

“मोरीत वाघ बसला आहे,” असे चार वर्षांच्या मुलाने सांगितले, की घरची वडील मंडळी त्यास खोटे बोलल्याबद्दल दटावितात. आमच्या मते हा न्याय उफराटा होय. शिक्षा चुकविण्यासाठी बोलतात ते असत्य. मनात दिसले ते दुसऱ्यास दाखविण्यासाठी बोलतात ती कल्पना. फुटलेली बरणी मांजराच्या माथी मारणाऱ्या मुलास समज अवश्य द्यावी. वाघ पाहणाऱ्यास मात्र ‘तो जेवला का?’ एवढेच विचारावे. १९२० साली भावनगरास बालमंदिर काढणारे गिजुभाई बधेका व त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी बालशिक्षणात गोष्टीस मानाचे पान दिले, ते उगीच नव्हे.

प्रश्नांचेही तसेच. कठोपनिषदात नचिकेत्याने ‘मला कोणास देणार?’ असे तीनदा विचारताच पिता संतापून ‘मृत्यूस’ म्हणून गेला. यमानेही प्रथम नाना प्रलोभने दाखवून त्याचा अवघड प्रश्न टाळून पाहिला; आपण खाऊ पुढे करितो तसाच! परंतु बालक ढळेना, तेव्हा त्याने उत्तर दिले.

एकत्र कुटुंबात आई कामात असली तर आजोबा असतात, आत्या असते. कोणी तरी उत्तर द्यावे. ठाऊक नसल्यास ‘आपण पाहू’ म्हणावे, आणि खरोखरच पाहावे. चापट खाऊन मुलाची जिज्ञासा शमत नाही. ते आपणांस विचारावयाचे मात्र सोडून देते.