धांवण्याच्या बुटांतील स्थैर्य

गेल्या कांहीं वर्षांत आपल्या सुशिक्षित कुटुंबांतून पहाटे उठून रस्त्यावर धांवावयास जाण्याची प्रथा चांगलीच रूढ झाली आहे. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ सालीं व मुंबईची २००४ सालीं सुरू झाली. आरंभीं रस्त्याच्या कडेला उभे राहून टाळ्या वाजविणारे लोक आज स्वतःच छातीवर क्रमांक लावून धांवतात. मुलगा धांवतो, सून धांवते, आणि क्वचित् साठी उलटलेले सासरेहि कोपऱ्यापर्यंत त्यांना सोबत करतात. हें सर्व स्तुत्यच आहे. परंतु या छंदाबरोबर घरांत एक नवा खर्च व एक नवा वादहि शिरला आहे. तो वाद बुटांचा.

दुकानांतील मनुष्य गिऱ्हाइकास मिनिटभर यंत्राच्या पट्ट्यावर धांवावयास लावतो, पावलांकडे पाहतो आणि निर्णय देतो, "तुमचं पाऊल आंत कलतं, तुम्हांला 'स्टॅबिलिटी'चाच बूट घ्यावा लागेल." अशा जोडाची किंमत पुष्कळदां दहा ते पंधरा हजार रुपयांच्या घरांत असते. पैशाचा प्रश्न लहान नाहीं. पण त्याहून मोठी गोष्ट अशी कीं, कालपर्यंत निरोगी मानलेल्या आपल्या पायांत कांहीं व्यंग आहे, ही समजूत घेऊन तो मनुष्य घरीं परततो. ही समजूत कितपत खरी आहे, आणि असा बूट रोजच्या रस्त्यावरील सरावास कितपत उपयोगीं पडतो, याचें परीक्षण या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पादत्राण या शब्दांतच त्याचें कार्य सांगितलेलें आहे: पायाचें त्राण, म्हणजे रक्षण. महाभारताच्या अनुशासनपर्वांत जमदग्नि व रेणुका यांची कथा आहे. उन्हानें रेणुकेचें मस्तक व पाय पोळले, तेव्हां सूर्यानें जमदग्नीस छत्र व पादत्राणें दिलीं. त्या पादत्राणांनीं पायाची चाल सुधारावी अशी कोणाचीच अपेक्षा नव्हती. पाय भाजूं नयेत एवढीच होती. आधुनिक बुटानें मात्र रक्षणाच्या पुढें जाऊन सुधारणेचेंहि काम अंगावर घेतलें, आणि घोटाळ्याचें मूळ तेथें आहे.

मानवी पावलांत सव्वीस हाडें व तेहतीस सांधे आहेत. धांवतांना बहुतेकांची टांच प्रथम बाहेरच्या कडेनें जमिनीस टेकते. मग पाऊल किंचित् आंत कलतें, कमान थोडी दबते, आणि आघात पसरून सौम्य होतो. पुढच्याच क्षणीं तेंच पाऊल ताठर होऊन शरीरास पुढें लोटतें. या आंत कलण्यास इंग्रजींत 'प्रोनेशन' म्हणतात. धांवतांना दर पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट जोर पायावर येतो, आणि अशीं पावलें मिनिटास दीडशें ते एकशें ऐंशी पडतात. तेव्हां हें कलणें दोष नसून निसर्गानें करून ठेवलेली सोय आहे. दोष असलाच तर तो अतिरेकांत. जुन्या बुटाची टांच बाहेरच्या बाजूस झिजलेली दिसली म्हणूनहि घाबरून जाऊं नये. पुष्कळांची ती तशीच झिजते.

हें कलणें आवरावें या हेतूनें अमेरिकेंतील ब्रूक्स कंपनीनें १९७७ सालीं 'व्हँटेज' नांवाचा बूट काढला. त्याचा तळ आंतल्या बाजूस पाचरीसारखा किंचित् उंच होता. पुढें पाचरीची जागा कमानीखालीं बसविलेल्या अधिक कठीण फोमच्या ठोकळ्यानें घेतली. जपानांतील एसिक्स कंपनीचा 'जेल-कायानो' हा या वर्गांतील अतिशय परिचित बूट १९९३ सालीं बाजारांत आला. तोशिकाझु कायानो या त्याच्या रचनाकाराचेंच नांव त्यास मिळालें. पण अलीकडे वारें फिरलें आहे. ब्रूक्सनें 'ॲड्रेनलिन'च्या एकोणिसाव्या आवृत्तीपासून कठीण ठोकळा काढून टांचेच्या दोन्ही अंगांस कठड्यासारख्या कडा दिल्या. २०२३ सालीं निघालेल्या तिसाव्या 'कायानो'नेंहि कठीणपणाचा मार्ग सोडला, तळ रुंद केला आणि कमानीखालीं उसळी घेणारा मऊ तुकडा बसविला. म्हणजे पाऊल बळेंच सरळ करण्याचा आग्रह मागें पडून, तें फार कलूं लागल्यास त्याला हळूच सांवरावें, एवढाच माफक हेतु आतां उरला आहे. आमच्या मतें हा बदल शहाणपणाचा आहे.

आतां शास्त्रीय पुराव्याकडे वळूं. डेन्मार्कमधील ९२७ नवशिक्या धांवपटूंस साधेच बूट देऊन वर्षभर त्यांच्या दुखापतींची नोंद ठेवण्यांत आली. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या या संशोधनांत, आंत कलणारीं पावलें अधिक दुखावतात असें आढळलें नाहीं. मात्र त्यांतील १,८५४ पावलांपैकीं फार जास्त कलणारीं अवघीं १८ होतीं, हेंहि ध्यानांत ठेवावें. अमेरिकेच्या सैन्यदलांत पायाच्या आकारानुसार निरनिराळे बूट देऊन आणि दुसऱ्या गटास सरसकट एकाच प्रकारचे बूट देऊन तुलना केली. दुखापतींत म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. याच्या उलट, लक्झेंबर्गमध्यें ३७२ धांवपटूंस, कोणास कोणता बूट मिळाला हें कळूं न देतां, साधे व कलणें आवरणारे असे दोन प्रकारचे बूट वांटले. सहा महिन्यांत साध्या बुटांच्या गटांतील १८५ पैकीं ६० जणांस, तर दुसऱ्या गटांतील १८७ पैकीं ३३ जणांस दुखापत झाली. आणि हा लाभ मुख्यत्वें आंत कलणाऱ्या पावलांस झाला. हें संशोधन २०१६ चें आहे. पुढें २०२२ सालीं कॉक्रेन संस्थेनें एकंदर बारा प्रयोग व ११,२४० माणसें यांचा आढावा घेतला. त्यांतील बहुतेक पुरावा तिनें कमी विश्वासाचा ठरविला. सारांश, 'या बुटावांचून गुडघे जातील' हें विधान जितकें निराधार, तितकेंच 'हे बूट म्हणजे शुद्ध लबाडी' हेंहि निराधार.

पुस्तकी पुराव्यास घरच्या अनुभवाची जोड असावी म्हणून आमच्या घरांतील एक प्रयोग सांगतों. आमची धाकटी सून आठवड्यांतून पांच दिवस पांच किलोमीटर धांवते. दहा किलोमीटरच्या शर्यतीकरितां तिनें एका महिन्यांत अंतर जवळजवळ दुप्पट केलें आणि नडगीच्या आंतल्या बाजूस दुखूं लागलें. दुकानांत तिचीं पावलें सपाट ठरलीं, व एका परदेशी कंपनीचा स्टॅबिलिटी बूट घरांत आला. तीन आठवड्यांत दुखणें थांबलें. घरांतील सर्वांनीं बुटाचे गोडवे गाइले. सून मात्र म्हणाली, "मामंजी, या तीन आठवड्यांत मी धांवलेंहि निम्मंच. दुखणं गेलं तें बुटानं कीं विश्रांतीनं, हें आतां कसं कळणार?" कावळा फांदीवर बसावयास आणि ताडाचें फळ पडावयास एकच गांठ पडते, त्यास शास्त्रकार काकतालीय न्याय म्हणतात. सूनबाईची शंका अगदीं त्याच जातीची होती.

म्हणून दुखणें पूर्ण बरें झाल्यावर दोन महिने तिनें विषम तारखांस साधा बूट व सम तारखांस नवा बूट घातला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाय किती दुखतो त्यास शून्यापासून दहापर्यंत गुण देऊन ते वहींत टिपले. स्वयंपाकघरांतील काट्यावर नव्या जोडांतील एक बूट साध्यापेक्षां छत्तीस ग्रॅमांनीं जड भरला. पहिले आठ दिवस कमानीखालीं कांहींतरी टोचल्यासारखें वाटलें, मग तें गेलें. टांच मात्र नव्या बुटांत पक्की बसे. ताजेपणीं धांवतांना दोहोंत तिला फरक जाणवेना. परंतु लांबच्या दिवशीं, शेवटच्या दीड-दोन किलोमीटरांत पाय थकल्यावर, नव्या बुटांत पाऊल कमी भरकटतें असें तिनें पुनःपुन्हां लिहिलें. वेगानें धांवावयाचें असल्यास तोच बूट जड व आळशी वाटे. दुखण्याच्या गुणांत दोन्ही बुटांचा हिशेब जवळजवळ सारखाच निघाला. एका माणसाच्या वहीवरून नियम बांधतां येत नाहीं हें खरें. तथापि आज ती लांब व संथ धांवण्यास नवा आणि लहान अंतरास साधा, असे दोन्ही बूट वापरते. या आलटून पालटून वापरण्यासहि आधार आहे: लक्झेंबर्गच्याच संशोधकांनीं २६४ धांवपटूंची बावीस आठवडे नोंद ठेवली, तेव्हां एकाहून अधिक जोड वापरणारांस दुखापती कमी झाल्याचें आढळलें.

आमच्या वाचकांस असा बूट घ्यावयाचा असेल तर त्यांनीं पुढील परीक्षा स्वतःच कराव्या. दुकानांत संध्याकाळीं जावें. दिवसभराच्या वावरानें पाय किंचित् सुजलेले असतात, व धांवतांनाहि ते तसेच होतात. रोजचे मोजे बरोबर न्यावे. दोन्ही पाय मोजावे आणि मोठ्या पायास बूट घ्यावा. सर्वांत लांब बोटापुढें अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा उरली पाहिजे. टांचेभोवतींची वाटी दाबून पाहावी. ती सहज चेपूं नये. बूट वांकविल्यास तो चवड्याशीं वांकावा, मधोमध नव्हे. पिळून पाहिल्यास तो ओल्या पंचासारखा पिळला जाऊं नये. नंतर साधा व स्टॅबिलिटी असे दोन्ही बूट घालून चार-पांच मिनिटें धांवावें, आणि किंमत व नांव क्षणभर विसरून, कोणत्या बुटांत पायाची आठवण कमी होते तें पाहावें. कॅलगरी विद्यापीठाचे प्राध्यापक बेन्नो निग यांनीं आयुष्यभर याच विषयाचा अभ्यास केला. बूट निवडण्यास स्वतःच्या पायास वाटणारी सुखदता हीच मुख्य कसोटी मानावी, असें मत त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१५ सालीं मांडलें. "आठवडाभरांत सवय होईल" या आश्वासनावर पहिल्याच दिवशीं चावणारा बूट मुळींच घेऊं नये.

स्त्रियांनीं आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवावी. बाळंतपणानंतर पाऊल किंचित् लांब होण्याचा व कमान खालीं येण्याचा संभव असतो. अमेरिकेंतील आयोवा येथें ४९ स्त्रियांच्या पावलांचीं मापें घेऊन २०१३ सालीं हें दाखविण्यांत आलें. तेव्हां लग्नापूर्वींच्या मापावर बूट मागवूं नये. माप पुन्हां घ्यावें.

रस्त्याचाहि दोष बुटाच्या माथीं मारला जातो. पावसाचें पाणी वाहून जावें म्हणून आपले रस्ते मध्यें उंच व कडेला उतरते असतात. कडेनें नेहमीं एकाच बाजूस धांवल्यास एक पाय रोज उंचावर व दुसरा रोज खोलांत पडतो, आणि मग कोणताहि बूट त्यास पुरा पडत नाहीं. शक्यतों सपाट भाग शोधावा. मैदानावर फेऱ्या घालीत असल्यास दिशा बदलीत जावी. पावसाळ्यांत भिजलेला बूट उन्हांत किंवा शेगडीजवळ न ठेवतां आंत जुनीं वर्तमानपत्रें कोंबून सावलींत वाळवावा. उष्णतेनें तळाचा चिकटा सुटतो.

खर्चाचा हिशेब शाळेंतील त्रैराशिकानें करावा. असा बूट सामान्यतः पांचशें ते आठशें किलोमीटर टिकतो. बारा हजारांचा जोड सहाशें किलोमीटर चालला, तर दर किलोमीटरास वीस रुपये पडले. सहा हजारांचा साधा जोड तितकाच चालला, तर दहा. थकल्या पायास मिळणारा आधार आपल्या कुटुंबास या दहा रुपयांच्या मोलाचा आहे कीं नाहीं, हें ज्यानें त्यानें ठरवावें. तो मोलाचा असूं शकतो. पण भीतीपोटीं ते दहा रुपये देऊं नयेत.

आणखी एक इशारा देणें अवश्य आहे. नडगीच्या हाडावर बोटानें दाखवितां येईल अशा एकाच ठिकाणीं दुखत असेल, रात्रीं विश्रांतींतहि दुखत असेल, सूज असेल, किंवा एखाद्याचें पाऊल अलीकडेच सपाट होऊं लागलें असेल, तर दुकानाची वाट न धरतां डॉक्टरांची धरावी. मधुमेहामुळें ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे त्यांनीं तर सुखदतेच्या कसोटीवर विसंबूंच नये. त्यांस बूट चावलेलाहि कळत नाहीं.

१९६० सालीं रोम येथील ऑलिंपिक मॅरेथॉन इथिओपियाच्या अबेबे बिकिला यानें अनवाणी जिंकली, आणि १९६४ सालीं टोकियोची बूट घालून जिंकली. दोन्ही वेळां पाय त्याचेच होते. सरावाचें अंतर हळूहळू वाढवावें, आठवड्यांतून एक-दोन दिवस विसावा घ्यावा, पोटऱ्या व तळपाय बळकट करणारा व्यायाम घरींच करावा. या तीन गोष्टींस मोल पडत नाहीं, आणि कोणताहि बूट त्यांची जागा घेऊं शकत नाहीं. त्या करूनहि लांबच्या अंतरांत पाऊल डळमळतें असें वाटत असेल, आणि धांवून पाहतां तो बूट पायास मानवत असेल, तर स्टॅबिलिटी बूट अवश्य घ्यावा. मात्र तो आपल्या पायाचा वैद्य नसून सोबती आहे, हें घेणाऱ्यानें विसरूं नये.