बेटांची सफर आणि गुलटेकडीचा उजेड

छायाचित्रण शिकविणाऱ्या जलसफरींची एक नवी तऱ्हा अलीकडे आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबांतूनही रूढ होऊं लागली आहे. आगबोटींत बसावें, उष्ण समुद्रांतील एकामागून एक बेटें पाहावीं, पहाटे व सायंकाळीं लहानशा नावेनें किनाऱ्यास उतरून छायाचित्रें घ्यावीं, आणि दुपारीं ऊन चढलें म्हणजे बोटीवरील दिवाणखान्यांत शिक्षकापुढें तीं मांडून त्यांचे गुणदोष ऐकावे, असा तिचा क्रम. गालापागोस अथवा इंडोनेशियाच्या बेटांकडे जाणाऱ्या अशा सफरीस माणशीं कांहीं लाख रुपये लागतात. मुलांच्या शिक्षणांतून मोकळें झालेलें, निवृत्तीची रक्कम नुकतीच हातीं आलेलें एखादें जोडपें ‘जावें कीं न जावें?’ असें आम्हांस विचारतें. त्यांच्यासाठीं हे चार शब्द.

जाणाऱ्यास नाउमेद करण्याचा आमचा हेतु नाहीं. समुद्र कांहीं गोष्टी खरोखरच शिकवितो. थंड केलेल्या खोलींतून कॅमेरा एकदम दमट हवेंत आणला कीं भिंगावर दंव धरतें. तो पिशवींतच बंद ठेवून बाहेरच्या उष्म्याशीं हळूहळू जुळूं द्यावा लागतो. डोलत्या बोटीवर तिपाई निरुपयोगी. तेथें सेकंदाच्या पांचशेंव्या भागाइतकी चपळ उघडझाप हवी. पांढऱ्या वाळूवर तर यंत्राचें मोजमापच फसतें. समोर उजेड फार आहे अशा समजुतीनें तें चित्र काळवंडून टाकतें, म्हणून प्रकाश मुद्दाम वाढवून घ्यावा लागतो. आणि यासाठीं परदेशींच गेलें पाहिजे असेंही नाहीं. आपल्या लक्षद्वीपांत ३६ बेटें असून त्यांपैकीं १० बेटांवर वस्ती आहे; कोचीहून बोट मिळते, मात्र भारतीय नागरिकासही प्रवेशाचा परवाना आधीं काढावा लागतो.

परंतु शिकण्यासाठींच म्हणून कोणी निघत असेल, तर त्यानें प्रथम नकाशा उघडून पाहावा. कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवर; आपलें पुणें साडेअठरांवर. म्हणजे आपण उष्ण कटिबंधांतच राहतों! मे महिन्याच्या मध्यास आणि पुन्हां जुलैअखेर सूर्य भर दुपारीं अगदीं डोक्यावर येतो व उभ्या खांबाची सावली त्याच्या पायांतच नाहींशी होते. बेटांवर ज्या प्रखर उन्हाशीं झगडावयाचें, तेंच ऊन आपल्या अंगणांत पडतें. सूर्य झपाट्यानें वर चढत असल्यामुळें सकाळची कोंवळी वेळ थोडी, ही अडचणही तीच.

दादासाहेब फाळके १९१२ सालीं लंडनला गेले ते चलच्चित्राचें यंत्र व त्याची विद्या आणण्यासाठीं. पण परत आल्यावर त्यांनीं यंत्रापुढें काय ठेवलें? कुंडींत पेरलेला वाटाणा. तो रुजून त्याचा वेल होईपर्यंत रोज थोडें थोडें चित्रण करून ‘अंकुराची वाढ’ हा चिमुकला चित्रपट त्यांनीं तयार केला आणि तो दाखवून भांडवल देणाऱ्यांची खात्री पटविली. पुढच्याच वर्षीं ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. समुद्र ओलांडावा लागला तो यंत्रासाठीं. विषय घरांतच होता.

त्याच वाटाण्याच्या, म्हणजे मटाराच्या, गोणी हंगामांत पुरंदरहून गुलटेकडीच्या मार्केट यार्डांत उतरतात. शहरांतील पेठांतून तेथें जाण्यास फार वेळ लागत नाहीं, तरी पाहुण्यांस पर्वती दाखविणारे आम्ही पुणेकर यार्डाचा रस्ता क्वचितच धरतों. गेल्या हिवाळ्यांत आम्ही चार हौशी मंडळी कांहीं पहाटे तेथील फुलबाजारांत घालविल्या. पांढऱ्या शेवंतीचा ढीग म्हणजे लक्षद्वीपची वाळूच. प्रकाश वाढविल्यावांचून ती पांढरी येईना. झेंडूचें उलट. त्याचा भगवा रंग यंत्रास इतका भारी होतो कीं पाकळीपासून पाकळी सुटत नाहीं, नुसता एक डाग उमटतो. तेथें प्रकाश कमी करावा. छपराच्या फटींतून उन्हाची तिरीप आली म्हणजे मात्र शिक्षकाची गरजच उरत नाहीं. गोणी आपटतांच उडालेल्या धुळींत ती तिरीप आपोआप आकार घेते.

खरी परीक्षा माणसांची. फुलांच्या पाट्यांमागें बसलेल्या एका बाईंनीं कॅमेरा पाहतांच पदर पुढें ओढला. आम्हीं तो खालीं घेतला. पाठीवर पोतें घेतलेला एक हमाल मात्र थांबलाच नाहीं. “फोटो काढा, पण वाट सोडून उभे राहा,” एवढें बोलून तो पुढें गेला, आणि आमच्या मतें छायाचित्रणावरील कित्येक पुस्तकांहून हें वाक्य वजनदार आहे. ओझें वाहणाऱ्याचा क्षण त्याच्या मजुरीचा असतो. या लोकांनीं आपला मान फुकट मिळविलेला नाहीं. डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकारानें याच शहरांत हमाल पंचायत उभी राहिली. १९६९ सालीं माथाडी कामगारांचा कायदा झाला. आणि १९७४ सालीं पंचायतीनें ‘कष्टाची भाकर’ हें स्वस्त जेवणाचें केंद्र काढलें. ज्यांस आपल्या श्रमाची किंमत ठाऊक आहे, त्यांस नुसता देखावा समजून टिपणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

बेटांवरील सफरीचा हाच एक दोष आम्हांस खुपतो. जाळें ओढणारा कोळी पाहुण्यांच्या कॅमेऱ्यांत सांपडतो, घटकाभरानें बोट सुटते, आणि आपलें चित्र कसें आलें हें त्यास कधींच कळत नाहीं. गुलटेकडीस दुसऱ्या दिवशींही जातां येतें. उजेड चुकला तर पुन्हां साधतां येतो. कोणाचा नकार नीट कळला नसेल तर पुन्हां विचारतां येतें. आणि चित्र चांगलें आलें तर त्याची प्रत नेऊन देतां येते. प्रतीस खर्च तो किती? चहाच्या दोन कपांएवढा.

आम्हींही त्या हमालाची प्रत काढून नेली. कामाची गर्दी ओसरल्यावर, वाट सोडून उभें राहून दिली. त्यानें ती निरखून पाहिली, पोत्यावरील छाप स्पष्ट आला आहे एवढेंच म्हटलें, आणि गांवाकडे पाठविण्यास आणखी एक प्रत मिळेल का, असें विचारलें. ती आम्ही या आठवड्यांत करून घेणार आहों.