यूपीएस घ्यायचा, पण कशासाठी?

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकाच वेळी गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, करोनामुळे घरूनच काम करणाऱ्यांचे संगणक बंद पडले आणि मुंबई विद्यापीठाला त्या दिवशीच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. काही उपनगरांत वीज परतायला कित्येक तास लागले.

इतका वेळ घरगुती यूपीएस पुरला नसता. खोक्यावरच्या ‘६०० व्हीए’ या आकड्यावरून मात्र ते कळत नाही. अशा यूपीएसवर साधारण ३६० वॅटचाच भार चालतो. आणि तो किती वेळ चालणार, हे आतल्या बॅटरीवर ठरते. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे कागदावर ८४ वॅट-तास. त्यातली काही वीज उष्णतेत जाते, शिवाय शिशाची बॅटरी झपाट्याने रिकामी केली की पूर्ण क्षमता देत नाही. मॉनिटरसह संगणक १२० वॅट घेत असेल, तर पंधरा-वीस मिनिटे मिळाली तरी पुष्कळ. काम सेव्ह करून संगणक नीट बंद करायला ती पुरतात.

लॅपटॉपवाल्यांनी हा खर्च करूच नये. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते. वीज जाताच बंद पडतो तो राउटर, आणि त्याला लागतात जेमतेम दहा-बारा वॅट. त्यासाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो. ३० वॅट-तासांचा असला तरी दोनेक तास निघतात. घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट (बहुधा १२, काहींचे ९) आणि अँपिअर वाचावेत, पिन जुळते का तेही पाहावे. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही बॅकअप लागतो, हे हमखास विसरले जाते. अर्थात इमारतीतला केबलवाल्याचा स्विचच बंद पडला, तर मोबाइल हॉटस्पॉटला पर्याय नाही.

मोठा यूपीएस भिंतीवरच्या तीन पिनांच्या सॉकेटला थेट जोडावा, एक्स्टेंशन बोर्डाला नव्हे. जुन्या इमारतींत अर्थिंग वायरमनकडून तपासून घेतलेले बरे. लेझर प्रिंटर यूपीएसवर नको. तापताना तो एकदम शेकडो वॅट खेचतो. रात्रभर चार्ज केल्यावर चाचणी घ्यावी, तीही पिन न उपटता, भिंतीवरचे बटण बंद करून. म्हणजे अर्थिंग तुटत नाही.

मुंबईच्या उकाड्यात, टेबलाखालच्या बंद कप्प्यात ही बॅटरी लवकर दम तोडते. एरवीही दोन-तीन वर्षांनी ती बदलावी लागते. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नये आणि भंगारातही टाकू नये. तिच्यात शिसे आणि आम्ल असते. नवी घेताना ती विक्रेत्याकडेच परत द्यावी.