दात नसलेला रॅचेट

बॉनेटखाली अल्टरनेटरच्या मागचा बोल्ट काढायचा असतो तेव्हा अडचण ताकदीची नसते, जागेची असते. एका अंगाला रबरी पाइप, दुसऱ्या अंगाला लोखंडी पट्टी. गोटी नटावर बसते, पण दांडा हलायला दोन-तीन सेंटिमीटरच मिळतात. ३६ दातांच्या जुन्या धाटणीच्या रॅचेटला पुढचा दात पकडायला १० अंश फिरावे लागते. दांडा २० सेंटिमीटरचा असेल, तर टोकाशी ही हालचाल साडेतीन सेंटिमीटर भरते. म्हणजे तिथे हा रॅचेट निरुपयोगी. ७२ दातांच्या रॅचेटला ५ अंश म्हणजे पावणेदोन सेंटिमीटर पुरतात, १२० दातांच्या रॅचेटला जेमतेम एक. मात्र त्याच आकाराच्या डोक्यात दात वाढवायचे, तर प्रत्येक दात बारीक करावा लागतो, आणि बारीक दात लवकर झिजतो.

गिअरलेस रॅचेटमध्ये या पेचातून सुटण्यासाठी दातच काढून टाकले आहेत. बाहेरची कडी आतून गुळगुळीत गोल. मधल्या भागाला एका बाजूने निमुळते होत गेलेले कप्पे. प्रत्येक कप्प्यात पोलादी रोलर आणि त्याला निमुळत्या टोकाकडे हलकेच रेटणारी स्प्रिंग. दांडा मागे घेताना रोलर रुंद बाजूला सरकतात आणि काही अडत नाही, नेहमीची टिकटिकही ऐकू येत नाही. दांडा पुढे दाबला की तेच रोलर दाराखाली सारलेल्या पाचरीसारखे अडकतात. जोर वाढवावा तशी पकड घट्ट होते.

या पकडीचा सगळा हिशेब एका कोनात आहे. तेलकट पोलादावर पोलाद घासते तेव्हा घर्षणांक साधारण ०.१ धरतात. रोलरच्या दोन्ही बाजूंच्या पृष्ठभागांमधला कोन ११ अंशांच्या वर गेला, तर घर्षण अपुरे पडते आणि रोलर निसटतो. म्हणून आरेखनात तो ६ ते ८ अंश ठेवतात. आणखी कमी का नाही? कारण मग रोलर अडकतो तो सहजी सुटत नाही, शिवाय कडीवरचा दाब बेसुमार वाढतो.

तो दाब एकदा मोजून पाहण्यासारखा आहे. समजा, २५ सेंटिमीटर लांबीच्या दांड्यावर आपण २५ किलोचा जोर दिला. आतल्या यंत्रणेची त्रिज्या १.२ सेंटिमीटर असेल, तर तिथे फिरवणारा जोर सुमारे ५२० किलो होतो. हा झाला तरफेचा गुणाकार. त्यावर आता पाचरीचा गुणाकार येतो: कोन ८ अंश असेल, तर रोलर कडीला बाहेरच्या बाजूने सुमारे साडेसात टनांनी रेटतात. रोलर आठ असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला ९०० किलोंहून अधिक, आणि तेही रोलर जिथे टेकतो त्या एका अरुंद रेषेवर. बेअरिंगच्या पोलादासारखा कठीण धातू लागतो तो यासाठीच. आणि दांड्यात पाऊण मीटरचा पाइप घालून बोल्ट सोडवायची जी सवय गॅरेजात सर्रास दिसते, ती या रॅचेटला का सोसत नाही, तेही यातच आले. तिप्पट लांबी म्हणजे बावीस टन.

एवढ्या दाबाने कडीवर सूक्ष्म खळगा पडला, तर तिथला कोन बदलतो. मग तो रोलर कधी धरतो, कधी सोडतो. टिकाऊपणाचा खरा मुद्दा हाच. दातांचा रॅचेट झिजला की दात चुकवतो, कडकड करतो, खटका सैल वाजतो. बिनदाती रॅचेट मुळातच मुका. तो हलक्या कामात ठीक चालतो आणि ऐन जोराच्या क्षणी घसरतो. बोटांची पेरे सोलून निघतात ती अशा वेळी.

हीच यंत्रणा आपल्याकडच्या मेकॅनिकांना ‘वन-वे क्लच’ म्हणून चांगली माहीत आहे. सेल्फ-स्टार्टच्या अनेक दुचाकींमध्ये ती असते: स्टार्टर इंजिनाला फिरवतो, आणि इंजिन सुरू होऊन त्याच्या पुढे धावू लागले की रोलर मोकळे होतात. बटण दाबल्यावर मोटर नुसतीच घरघरते आणि इंजिन हलत नाही, तेव्हा हे रोलर किंवा त्यांच्या स्प्रिंगा झिजल्याचा संशय आधी घ्यावा.

जाहिरातीतल्या ‘शून्य अंशां’बद्दल मात्र मला थोडी कुरकुर करायची आहे. रोलर घट्ट बसेपर्यंत कडी किंचित ताणली जाते. चौकोनी टोक आणि गोटी यांच्यात फट असते, गोटी आणि नट यांच्यात असते, मध्ये एक्स्टेन्शन लावले तर आणखी एका सांध्याची भर पडते. या सगळ्या ढिलाईची बेरीज सहज काही अंशांवर जाते. १२० दातांच्या रॅचेटवरून बिनदातीवर गेल्याने होणारा फायदा बऱ्याचदा तिथेच जिरतो. ३६ दातांवरून गेलात, तर तो हाताला स्पष्ट जाणवतो.

मी तरी जाम झालेला बोल्ट फोडायला रिंग पाना किंवा टॉमीच घेईन, आणि नट एकदा ढिला झाला की पुढे बिनदाती रॅचेट. तिथे त्याची बरोबरी नाही: स्प्रिंगा हलक्या असल्या, तर दांडा मागे नेताना अर्धवट सुटलेला नटही सोबत परत फिरत नाही. देखभालीत एकच गोष्ट उलटी आहे. दातांच्या रॅचेटमध्ये भरतो ते जाड ग्रीस इथे चालत नाही. थंडीत ते घट्ट झाले की स्प्रिंगेला रोलर वेळेवर ढकलता येत नाही. मॉलिब्डेनम डायसल्फाइड घातलेली वंगणेही टाळावीत. घर्षण कमी करणे हेच त्यांचे काम, आणि इथली पकड घर्षणावरच उभी आहे. धूळ पुसून पातळ तेलाचे दोन-चार थेंब सोडले की पुरे.