लस हुकली, वाट सापडली

पोलिओची लस देणाऱ्या जोनास साल्क यांनी 1987 साली एक धाडसी कल्पना मांडली : एचआयव्हीची लागण झालेल्यांनाच लस टोचून त्यांची प्रतिकारशक्ती चेतवायची. रुग्णांवर चाचण्या सुरू झाल्या. साल्क 1995 मध्ये गेले. 1999 मध्ये मोठी चाचणी निष्फळ ठरून थांबली.

फेब्रुवारी 2005 मध्ये पुण्याच्या भोसरीतील राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेने भारतातली पहिली एचआयव्ही लसचाचणी हाती घेतली, तीही निरोगी स्वयंसेवकांवर. लस सुरक्षित निघाली, पण प्रतिकारशक्तीने हवी तशी उचल खाल्ली नाही. 2007 मध्ये परदेशातली आणखी एक मोठी चाचणी कोसळली.

त्याच सुमारास दुसऱ्या एका प्रश्नाने शास्त्रज्ञांना पछाडले होते. रुग्णाला एचआयव्ही दाबणाऱ्या गोळ्या लवकर दिल्या, तर त्याचा जोडीदार लागणीपासून वाचेल? डॉ. मायरन कोहेन यांच्या नेतृत्वाखाली नऊ देशांतली 1,763 जोडपी पुढे आली. प्रत्येक जोडप्यात एकाला लागण, दुसरा निरोगी. निम्म्यांना गोळ्या लगेच. उरलेल्यांना, तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे, प्रतिकारशक्ती घसरल्यावर. कंडोम आणि समुपदेशन मात्र सर्वांनाच. भोसरीत डॉ. शीला गोडबोले, डॉ. संजय मेहेंदळे आणि सहकारी हे काम पाहत होते. रुग्णांच्या उरलेल्या गोळ्या मोजल्या जात, जोडीदारांचे रक्त पुनःपुन्हा तपासले जाई. ज्या आजाराचे नाव घरात काढणेही जड जायचे, त्यासाठी ही जोडपी वर्षानुवर्षे येत राहिली. या शोधाचे खरे मानकरी मला तीच वाटतात.

चाचणी 2015 पर्यंत चालायची होती. 28 एप्रिल 2011 रोजी स्वतंत्र तज्ज्ञ समितीने आकडे उघडले. नव्याने बाधित झालेल्यांचा विषाणू जोडीदाराच्या विषाणूशी जनुकीय कसोटीवर ताडून पाहिला होता. जोडीदाराकडूनच झालेल्या लागणी 28. त्यांतल्या 27 उशिरा औषध मिळालेल्या गटात. लवकर औषध मिळालेल्यांत फक्त एक! धोका 96 टक्क्यांनी घटला होता. आता थांबणे अशक्य होते. 12 मे रोजी निष्कर्ष जाहीर झाला आणि वाट पाहणाऱ्या गटालाही गोळ्या देऊ करण्यात आल्या. त्या 27 जणांसाठी मात्र उशीर झाला होता.

पुढच्या वर्षांतही निष्कर्ष टिकला : औषधाने विषाणू पुरता दबलेल्या रुग्णाकडून जोडीदाराला लागण झाल्याचे आढळले नाही. 2017 पासून भारतात निदान होताच औषध सुरू करण्याचे धोरण आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या जानेफळचा रुग्णही आता प्रतिकारशक्ती ढासळण्याची वाट न पाहता सरकारी केंद्रातून या गोळ्या मोफत घेऊ शकतो.