बोरूवरचा राग

ख्रिस्ती परंपरेत क्रोधावर ताबा मिळवण्याची सर्वांत बारकाईची चर्चा चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात झाली. नाईलच्या त्रिभुज प्रदेशाच्या पश्चिमेला नित्रिया, केल्लिया आणि स्केतिस या ठिकाणी घरदार व मालमत्ता सोडून आलेले संन्यासी प्रार्थना आणि हातकाम करीत राहत असत, आणि सगळे सुटले तरी राग सुटत नाही, हे त्यांच्या लवकरच ध्यानात आले. अम्मोनास नावाच्या ज्येष्ठ संन्याशाने क्रोधावर विजय मिळावा म्हणून स्केतिसमध्ये चौदा वर्षे रात्रंदिवस देवाला विनवले, असे त्यांच्या वचनसंग्रहात नोंदवले आहे. तरुण साधकाला या आकड्याने धीर येत असे की धडकी भरत असे, हे सांगणे कठीण.

ही साधना ज्या शब्दावर उभी आहे, तो नव्या करारातील गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात येतो. तेथे संत पौलाने आत्म्याच्या फळाची जी नऊ लक्षणे मोजली आहेत, त्यांतील शेवटचे ‘एन्क्रातेइया’ हे असून मराठी बायबलात त्यासाठी ‘इंद्रियदमन’ असा शब्द योजलेला आहे. मराठी वाचकाला या शब्दातून दडपण्याचा अर्थ आधी ऐकू येतो, पण मूळ ग्रीक शब्दात ‘क्रातोस’ म्हणजे बळ किंवा पकड हे पद असल्याने त्याचा रोख स्वतःवरील हुकमतीकडे अधिक आहे. त्याच यादीत ‘सहनशीलता’ असे भाषांतर झालेल्या शब्दात ‘थुमोस’, म्हणजे चित्तातील तापट, उसळणारी शक्ती, दडलेली आहे, आणि ती शक्ती लांबवर ताणली जाणे, चटकन न भडकणे, हा त्या शब्दाचा मूळ भाव होय.

इ. स. 399 मध्ये केल्लियात निधन पावलेल्या इव्हाग्रियसने या ‘थुमोस’चे शास्त्रच रचले. माणसाला ग्रासणाऱ्या आठ दुर्विचारांची जी यादी त्याने केली, तीत खादाडपणा, कामवासना आणि लोभ यांच्या जोडीने क्रोधही आहे. मराठी वाचकाला येथे षड्रिपू आठवतील आणि ते साम्य वरवरचे नाही, मात्र इव्हाग्रियसचे निरीक्षण त्याहून नेमके आहे: रागावलेला मनुष्य प्रार्थनेला बसला की ज्याने दुखावले त्याचाच चेहरा डोळ्यांपुढे येतो, आणि देवाशी बोलण्याऐवजी तो त्या माणसाशी मनातल्या मनात भांडत राहतो. यावर त्याने सांगितलेले उपाय म्हणजे स्तोत्रगायन, धीर आणि दया. त्याच्या मते भेटवस्तूनेही मनातील अढी विरते, जसा याकोबाने भेटी पाठवून भाऊ एसाव याचा राग शमवला, आणि देण्यासारखे काही नसलेल्या संन्याशाने निदान दुसऱ्याला जेवायला बोलवावे. म्हणजे क्रोधाचा इलाज आतल्या आत गिळण्यात नसून समोरच्या माणसाकडे हात पुढे करण्यात आहे, असे त्याचे म्हणणे होते.

योहान कासियन याने हा विचार इजिप्तमधून आजच्या फ्रान्समधील मार्सेय येथे नेला आणि पाचव्या शतकाच्या पहिल्या तृतीयांशात लॅटिन ग्रंथांत मांडला. एकांतात गेले की राग आपोआप निवतो हा समज खोडून काढताना त्याने स्वतःचीच साक्ष काढली आहे. लिहिण्याचा बोरू फार जाड किंवा फार बारीक निघाला, चाकूला धार नसली, गारगोटीतून ठिणगी लवकर पडली नाही, तर वाळवंटात कोणीही नसताना तो त्या निर्जीव वस्तूंवर चिडत असे, आणि म्हणूनच चिडवणारी माणसे दूर झाल्याने रोग दूर होत नाही, फक्त लपतो, असा निष्कर्ष त्याने काढला. कासियनचे त्याहून धारदार निरीक्षण अबोल्याविषयीचे आहे. काही संन्यासी तोंडातून शब्द काढीत नाहीत आणि स्वतःला संयमी समजतात, परंतु त्यांचे ते मौन शिवीपेक्षा अधिक डिवचणारे असते. काही जण एरवी दुपारपर्यंत भूक सोसू शकत नाहीत, पण रुसले की दोन दोन दिवस अन्नाला शिवत नाहीत, कारण तेवढे दिवस रागच त्यांचे पोट भरतो. अन्नावर राग काढणारा माणूस मराठी घरांतही ओळखीचा आहे. कासियनने मात्र त्या उपवासाला पुण्याच्या खात्यातून सरळ काढून टाकले.

क्रोधाला काही रास्त जागा आहे का, या प्रश्नावर मात्र एकमत नव्हते. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनात भावावर रागावणाऱ्याला इशारा दिलेला आहे, आणि काही हस्तलिखितांत तेथे ‘विनाकारण’ हा शब्द आढळतो. कासियनने तो शब्द अनावश्यक ठरवला, कारण आपला राग सकारण आहे असे प्रत्येकालाच वाटते. त्याच्या लेखी राग वापरायचाच तर तो स्वतःच्या दुर्वासनांवर. तेराव्या शतकात थॉमस अक्विनासने मात्र अॅरिस्टॉटलच्या आधाराने विवेकाच्या मापात राहणारा क्रोध निर्दोष ठरवला, इतकेच नव्हे तर अन्याय पाहूनही अजिबात न रागावणे हाही दोष असू शकतो असे मांडले. अक्विनासची बाजू न्यायाच्या दृष्टीने भक्कम आहे. पण रागाच्या भरात स्वतःचे माप स्वतःच घेणाऱ्या माणसाला कासियन अधिक ओळखून होता.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठनियमात या चर्चेला दिनक्रमाचे रूप दिले. सूर्य मावळण्यापूर्वी भांडण मिटवावे, हा इफिसकरांस पत्रातील आदेश त्याने घेतलाच. शिवाय पहाटेच्या व सायंकाळच्या उपासनेच्या शेवटी मठप्रमुखाने प्रभूची प्रार्थना सर्वांना ऐकू जाईल अशी मोठ्याने म्हणावी, असे त्याने सांगितले, कारण एकत्र राहणाऱ्यांत कलहाचे काटे उगवतातच, आणि त्या प्रार्थनेत देवाकडे क्षमा मागताना इतरांना क्षमा केल्याचा जो शब्द दिला जातो, तो सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा प्रत्येकाच्या कानावर पडावा.